घरी शिकणाऱ्या मुलांचा गृहपाठ: किती, कोणाचा आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारा वर्षांची असून दोन वर्षांपूर्वी तिची शाळा सोडवली आहे. या जूनपासून ती आठवड्यातून एकदा, दीड तासाच्या गणिताच्या वर्गाला जाते आणि त्या वर्गात सगळीच मुले घरी शिकणारी आहेत. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले की घरी आठवड्याला तीन तास काम करावे लागेल आणि ज्या दिवशी काम झालेले नसेल त्या दिवशी मुलीला नव्या भागात घेतले जाणार नाही. आईचे म्हणणे असे, की शाळा सोडण्याचे एक मोठे कारण गृहपाठाचा जाच हेच होते. मग हे पुन्हा तेच नव्हे का, आणि अशा वर्गाने मुलांकडून किती अभ्यासाची अपेक्षा धरावी?

तीन तासांची अपेक्षा मला रास्त वाटते आणि वहीचा नियमही, म्हणजे काम केलेली वही नसेल तर नवा भाग नाही हा, रास्त वाटतो. मात्र दोन्हींमागची कारणे बाईंनी तुम्हाला सांगायला हवी होती, आणि ती सांगितलेली दिसत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी दहा वर्षे शाळेत गणित शिकवले आणि गेली चौदा वर्षे पुण्यात शाळेत न जाणाऱ्या मुलांचे छोटे वर्ग घेते. एका गटात आठांहून जास्त मुले मी घेत नाही.

मुळात ‘गृहपाठ’ हा शब्दच इथे घोटाळा करतो. शाळेत सातवीला गणिताच्या आठवड्याला सहा-सात तासिका असतात आणि एकेक तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते. म्हणजे मूल शाळेतच सुमारे चार तास गणितासमोर बसते आणि घरी जे दिले जाते ते त्या चार तासांवर चढवलेले असते. तुमची मुलगी बाईंसमोर दीड तास बसते. त्यात घरचे तीन तास मिळवले तर साडेचार होतात. तेव्हा हे तीन तास शाळेतल्या गृहपाठाच्या जागी आलेले नसून शाळेतल्या तासिकांच्या जागी आले आहेत. आमच्या वर्गांत खरा अभ्यासक्रम घरी घडतो आणि वर्ग ही त्याची आठवड्याची बैठक असते. हे एकदा ध्यानात घेतले की घरचे काम ऐच्छिक ठेवून नुसत्या वर्गातून काही साधेल, ही अपेक्षा आपोआप गळून पडते. जे पालक म्हणतात की ‘वर्गात जेवढे होईल तेवढे पुरे, घरी काही नको’, त्यांना मी स्पष्ट सांगते की त्यांनी छंदवर्ग निवडावा. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त वर्षअखेरीस ‘अपूर्णांक अजून कच्चे कसे?’ असे विचारू नये.

शाळेतली माणसे या क्षेत्रात येतात तेव्हा पहिली चूक करतात, ती मीही केली. पहिल्या वर्षी मी पाठ्यपुस्तकातला एक पूर्ण सरावसंच आणि वर माझी दहा गणिते, अशी आठवड्याला तीस-एक गणिते देत असे. दिवाळीपर्यंत सातांपैकी तीन मुले गेली. उरलेल्यांपैकी एका मुलाची वही मला अजून डोळ्यांपुढे दिसते. वर्ग गुरुवारी असे आणि तीसही गणिते बुधवारी रात्री एका बैठकीत, एकाच शाईत, बरोबर सोडवलेली असत. त्यातले पहिलेच गणित मी त्याला फळ्यावर करायला सांगितले, तर ‘क्ष मानू’ असे लिहून तो थांबला. क्ष का मानायचा हे त्याला ठाऊक नव्हते. ते बाबांना ठाऊक होते. चूक मुलाची नव्हती आणि बाबांचीही नव्हती. मी जे मागितले होते ते त्यांनी मला दिले होते.

आता मी आठवड्याला सहा गणिते देते. चार त्या आठवड्याच्या भागावरची सरळ गणिते असतात, एक महिनाभरापूर्वीच्या भागावरचे आणि एक अडवणारे. अडवणारे म्हणजे ज्याची रीत मी मुद्दाम शिकवलेली नसते असे गणित. याच वयाच्या गटाला मध्यंतरी दिलेले एक सांगते: टाकी २/५ भरलेली आहे, तिच्यात १०५ लिटर पाणी ओतल्यावर ती ३/४ भरते, तर टाकीत एकूण किती पाणी मावेल? एका मुलीने पहिल्या दिवशी लिहिले, ‘२/५ + १०५ = ३/४’, आणि खाली स्वतःच लिहिले, ‘हे चूक आहे कारण १०५ मोठे आहे.’ दुसऱ्या दिवशी तिने टाकीचे चित्र काढून पाच भाग केले आणि दोन रंगवले. पण ३/४ ची रेघ त्या पाच भागांत कुठेच बसेना, तेव्हा चार भागांचे दुसरे चित्र काढले. त्यात २/५ बसेना. तिसऱ्या दिवशी चौकटीच्या वहीवर वीस घरांची टाकी आली. आठ घरे आधीची, पंधराव्या घरापर्यंत नंतरची, मधली सात घरे म्हणजे १०५ लिटर, एक घर १५ लिटर आणि वीस घरे ३०० लिटर. खाली एकच ओळ होती: ‘वीस घरे घेतली कारण वीसला चारनेही भाग जातो आणि पाचनेही.’

अपूर्णांकांचे छेद समान का करायचे, हा धडा मी शाळेत दहा वर्षे फळ्यावर शिकवला. त्या मुलीने तो तीन दिवसांत, मिळून तासाभराच्या कामात, स्वतः शोधला आणि गुरुवारी दहा मिनिटांत बाकीच्या सात जणांना दाखवला. हे दीड तासाच्या वर्गात घडू शकले नसते. गणिताला मध्ये एक रात्र जावी लागते, कधी दोन. म्हणून मी कागदावर गणितांबरोबर दिवसही लिहून देते: सलग तीन तास बसायचे नाही, आठवड्यातले चार दिवस, दर वेळी चाळीस मिनिटे, आणि उरलेल्या वीस मिनिटांत ‘कुठे अडले’ ते वर्गासाठी लिहायचे. पंचवीस मिनिटे झटूनही गणित सुटले नाही तर ते सोडून द्यायचे. मात्र कुठपर्यंत आलो आणि पुढे काय कळत नाही, हे दोन वाक्यांत लिहायचे. ती दोन वाक्ये लिहिली की माझ्या लेखी ते काम पूर्ण झाले. खोडरबर मात्र मी बंद केले आहे, कारण खोडलेल्या जागी मुलाचा विचार होता आणि मला तोच वाचायचा असतो. अक्षर नीटनेटके असावे असे वाटणाऱ्या आजोबांशी या मुद्द्यावर माझे दर वर्षी एकदा तरी वाजते.

आजी-आजोबांचा विषय निघालाच आहे तर सांगते, की घरी शिकणाऱ्या मुलांना त्यांचा केवढा तरी उपयोग होतो. एका आजींनी नातवाला पावकी, निमकी, दिडकी आणि अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड आणि अडीच यांचे पाढे, म्हणायला शिकवले होते. अपूर्णांकांच्या गुणाकारात तो मुलगा वर्गाच्या दोन महिने पुढे होता आणि ‘अडीच पंचे साडेबारा’ हे त्याला पुस्तकातल्या रीतीहून सोपे वाटे. कागदावर नसलेला असा अभ्यासही मी तीन तासांत धरते.

आता पालकांविषयी. घरी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात गृहपाठ नक्की कोणाचा, हा प्रश्न तासांच्या प्रश्नाहून अवघड आहे, कारण इथे आईच बहुधा मुख्य शिक्षिका असते आणि मुलाची वही म्हणजे आपलीच परीक्षा, असे तिला वाटते. वहीवर आईचा हात फिरलेला मला लगेच कळतो. बरोबरीची चिन्हे एकाखाली एक येतात, मध्येच पेन्सिल बदलते आणि मुलाने कधी न वापरलेला शब्द उत्तरात दिसतो. ऑनलाइन वर्गात तर याहून गमतीचे प्रकार होतात: मी प्रश्न विचारते, मूल पडद्याच्या उजवीकडे बघते, कुजबुज होते आणि मग उत्तर येते. मी त्या आयांना रागावत नाही. त्यांना एवढेच सांगते की चुकलेली वही मला उपयोगी आहे आणि दुरुस्त केलेली वही मला आंधळी करते.

वयाप्रमाणे मी साधारण असे धरते. नऊ वर्षांखालच्या मुलांना मी घरी काहीच देत नाही. वर्गात केलेला खेळ घरी पुन्हा खेळावासा वाटला तर खेळावा, इतकेच. नऊ ते अकराच्या मुलांना काम देते, पण वेळ आणि जागा ठरवण्याची जबाबदारी पालकांची, कारण त्या वयाचे मूल आठवडा आखू शकत नाही. बारा-तेराला कागद मुलाच्या हाती द्यायचा. पालकांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, वही फक्त बघायची, तपासायची नाही. चौदानंतर व्यवहार थेट मुलाशी असतो. तुमची मुलगी अवघड वळणावर आहे, कारण बाराव्या वर्षी बरीच मुले कागद हरवतात, दिवस विसरतात आणि सगळे शेवटच्या संध्याकाळी उरकतात. तसे होऊ द्यावे. पहिले दोन महिने आठवण करून देण्याचा मोह आवरणे, हे या वर्षीचे तुमचे काम.

वहीच्या नियमाकडे वळते. माझ्या वर्गाची सुरुवात वह्यांपासून होते. टाकीच्या गणितासारखे गणित आठ जणांनी आठ रीतींनी सोडवलेले असते आणि त्या रीती एकमेकांशेजारी मांडून पुढचा भाग निघतो. ज्याने त्या गणितावर घाम गाळलेला नाही, त्याला त्या चर्चेत फक्त उत्तर दिसते, आणि एकदा उत्तर दिसले की ते गणित त्याच्यासाठी संपले. म्हणून काम न झालेले मूल माझ्याकडे पहिला अर्धा तास शेजारच्या टेबलावर बसून तेच गणित करते आणि मग गटात येते. यात शिक्षा नाही, शेरा नाही, घरी चिठ्ठी नाही. तुमच्या बाईंचा नियम याच जातीचा असावा, असा माझा अंदाज आहे. फरक पडतो तो स्वराने. ‘काम झाले नाही, ठीक आहे, तिथे बसून करून घे’ आणि ‘आज का झाले नाही?’ या दोन वाक्यांत शाळेत होरपळलेल्या मुलाला जमीन-अस्मानाचे अंतर वाटते. तेव्हा नियमापेक्षा तो पाळताना बाई कशा बोलतात हे मुलीला विचारा.

आजारपण, घरातले लग्न किंवा महिनाभराचा प्रवास यांना अर्थातच सूट असते, आणि आमच्या मुलांचे प्रवास लांब असतात. ज्यांना लिहिण्याचीच अडचण आहे त्यांचे काम मी तोंडी, फोनवर ध्वनिमुद्रित करून घेते.

तुम्ही लिहिले आहे की शाळा सोडण्याचे कारण गृहपाठ होता. अशा मुलांच्या बाबतीत मी वर्गात प्रवेश देण्याआधी विचारते की शाळा सोडून किती दिवस झाले. वर्ष व्हायच्या आत आलेल्या मुलाला मी पहिले तीन महिने घरी काहीही देत नाही, आणि त्या काळात तो मागे पडला तरी चालते, कारण वही उघडताच ज्याच्या पोटात गोळा येतो त्याला सहाऐवजी दोन गणिते देऊनही उपयोग नसतो. तुमच्या मुलीला दोन वर्षे झाली आहेत, त्यामुळे एरवी काळजीचे कारण नसावे. पण वर्गाच्या आदल्या दिवशी पोट दुखणे, वर्गाच्या दिवशी उठायला उशीर करणे असे काही दिसत असेल तर ते बाईंच्या कानावर घाला. हे काही पालक लपवतात, मुलावर शिक्का बसेल म्हणून. शिक्षिकेला हे ठाऊक नसणे जास्त महागात पडते.

आता ज्या मुद्द्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते, त्याकडे येते. तुमची मुलगी एकूण किती वर्गांना जाते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला सुमारे साडेचार तास. आता तुमच्या गणिताच्या वर्गाचा हिशेब घ्या: दीड अधिक तीन, साडेचार. असे पाच वर्ग लावले, म्हणजे गणित, विज्ञान, इंग्रजी लेखन, कोडिंग आणि संस्कृत, तर आठवड्याचे साडेबावीस तास झाले. म्हणजे दिवसाला साडेचार तास आणि आठवड्याचे पाच दिवस. पाचही शिक्षिका आपापल्या परीने अगदी बेताचे काम देत असतात आणि पाच जणींनी मिळून घरात एक पूर्ण शाळा उभी केलेली असते, वर येण्याजाण्याचा वेळ वेगळा. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सगळे विषय मिळून रोज जास्तीत जास्त एक तास गृहपाठ असावा, असे सांगितले आहे. ते धोरण शाळेत दिवस घालवून आलेल्या मुलांसाठी आहे, त्यामुळे आपल्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाही, पण पाच वर्गांचे मिळून होणारे रोजचे तीन तासांचे घरकाम त्याच्याशेजारी ठेवून बघण्यासारखे आहे.

म्हणून या वयाला घरी काम मागणारे वर्ग दोनच असावेत, असे माझे ठाम मत आहे. बाकीचे असलेच तर घरी काही न मागणारे असावेत: नाटक, कुंभारकाम, मल्लखांब, काहीही. पालक माझ्याकडे गणिताचे तास कमी करायला येतात तेव्हा मी आधी आठवड्याचे वेळापत्रक मागते, आणि दहांतल्या सात वेळा तक्रार गणिताच्या तीन तासांची नसते. ते तीन तास जिथे बसवायचे आहेत त्या आठवड्यात जागाच उरलेली नसते, ही खरी अडचण असते. अशा वेळी मी जास्तीचा वर्ग सोडायला सांगते. तो जास्तीचा वर्ग माझाच निघाला तर तोही सोडायला सांगते. असे दोनदा झाले आहे.

दहावीच्या परीक्षेचा विचार तुम्हाला अजून दोन वर्षे करायचा नाही, तरी त्या टप्प्यावर अपेक्षा कशी पालटते तेवढे सांगून ठेवते. आमच्याकडची बहुतेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी देतात; काही केंब्रिजची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देतात. एनआयओएसमध्ये लेखी स्वाध्यायांना, ज्यांना सगळे टीएमए म्हणतात, वीस टक्के वजन असते. म्हणजे इथे पहिल्यांदाच घरी केलेल्या कामाला गुण मिळतात. त्यामुळे तयार उत्तरे विकत घेऊन उतरवून काढण्याची वाट अनेकांना मोह घालते, आणि ती उत्तरे सहज मिळतातही. माझ्या गटात टीएमए आधी कच्चे लिहून माझ्यासमोर तोंडी समजावून सांगितल्याशिवाय पक्के लिहायचे नसतात. शिवाय घरी शिकलेल्या मुलांची एक खास अडचण असते: विषय येतो, पण दोन-तीन तास सलग लिहिण्याची हाताला सवय नसते. म्हणून परीक्षेआधीचे सहा महिने शनिवारी घड्याळ लावून लिहायला बसवते, आणि त्या काळात आठवड्याला एका विषयाचे पाच-सहा तास होतात. ते मी लपवत नाही. बरे असे, की एनआयओएसच्या नोंदणीची मुदत पाच वर्षांची असून उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात, त्यामुळे पाचही विषय एका फेरीत देण्याची सक्ती नसते. दोन आधी आणि तीन नंतर, अशी विभागणी केली तर हे ओझे पेलवते, आणि मी बहुतेकांना तेच सुचवते.

आता तुमच्या बाईंकडे काय विचारायचे ते. तीन तास म्हणजे तीन तासांत जेवढे होईल तेवढे, की एवढी गणिते, मग कितीही वेळ लागो? कारण या दोन वेगळ्या अपेक्षा आहेत, आणि दुसरीत हळू काम करणारे मूल भरडले जाते. अडलेले गणित अर्धवट आणले तर चालते का? आणि वही तपासून परत कधी मिळते? तीन आठवडे वह्या न पाहणाऱ्या शिक्षिकेला काम मागण्याचा हक्क राहत नाही, हे मी स्वतःलाही लागू करते. या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर उत्तम. मी प्रवेशाच्या वेळीच एका पानावर देते, फीच्या आकड्याच्या वर.

आणि आजपासून चार आठवडे मुलीला एक गोष्ट करायला सांगा. वहीच्या शेवटच्या पानावर, गणिताला बसताना घड्याळातली वेळ लिहायची आणि उठताना पुन्हा लिहायची, तिच्या अक्षरात, तुम्ही न लिहिता. चार आठवड्यांची बेरीज बारा तासांच्या आसपास आली तर बाईंचा अंदाज बरोबर आहे. सोळा-सतरा आली तर ते पान तुम्ही नको, मुलीनेच बाईंना दाखवावे. सरावलेली शिक्षिका ते पाहून कागदावरची दोन गणिते खोडून देईल. ‘सगळ्यांना एवढेच असते’ असे उत्तर आले, तर पुढच्या महिन्याची फी भरण्याआधी मला पुन्हा लिहा.